जुन्या घराला नवा भाग जोडताना : पाया, सांधा, पाणी आणि रूप



आपल्या अभ्यासक्रमात नवीन इमारत बांधण्याबद्दल भरपूर शिकवले जाते. मोकळी जागा, मातीची तपासणी, नकाशा, पाया, सांगाडा. प्रत्यक्षात पदवी घेऊन बाहेर पडल्यावर तुमच्याकडे येणारे पहिले काम बहुतेक वेळा असे नसते. एखादा नातेवाईक म्हणतो, "आईला आता जिना चढवत नाही. घर पाडायचे नाही, पण मागच्या बाजूला एक खोली, न्हाणीघर आणि थोडी उजेडाची बैठक काढून दे." हे काम छोटे दिसते, पण नव्या इमारतीपेक्षा त्यात चुका करायला जास्त वाव आहे. आणि चूक झाली तर ती माणसे राहत असलेल्या घरात होते. म्हणून हा पाठ.

या पाठात आपण चार प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत : नव्या भागाचा पाया जुन्या पायाजवळ कसा घ्यावा? दोन्ही भाग एकमेकांना बांधावेत की सुटे ठेवावेत? पावसाचे आणि जमिनीतले पाणी कुठे जाईल? आणि नवा भाग जुन्यासारखा दिसावा की वेगळा?

१. उदाहरणासाठी घेतलेले घर

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, पापनाशम तालुक्यात, तिरुक्करुगावूर हे गाव आहे. कुंभकोणमपासून साधारण वीस किलोमीटरवर, वेट्टारु नदीकाठी. गर्भरक्षाम्बिका देवीच्या मंदिरामुळे ते देशभर माहीत आहे. कावेरीच्या खोऱ्यातील अशा देवळाच्या गावांत जुन्या गल्ल्यांमधली घरे एका ठरावीक पद्धतीची असतात. रस्त्याच्या बाजूला तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत गेले की मुट्रम्, म्हणजे उघडा चौक. त्याच्या भोवती लाकडी खांबांवरची ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी कोल्लै, म्हणजे विहीर, केळी, नारळ असलेले परसू. घर रुंदीला कमी आणि लांबीला जास्त. पुण्या-वाईचा वाडा पाहिलेल्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

भिंती विटांच्या आणि चुन्याच्या. छप्पर उतरत्या कौलांचे, तर काही खोल्यांवर मद्रास टेरेस. मद्रास टेरेस म्हणजे आपल्या माळवदाचा चुलतभाऊ. लाकडी तुळयांवर पातळ विटा चुन्यात कडेवर, तिरक्या ओळींत बसवायच्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुनकाँक्रीटचा थर ठोकून घ्यायचा आणि वर सपाट फरशा. या छपरात लोखंडाची एकही सळई नसते.

गणितासाठी आपण एक नमुना घर धरू. जुन्या भिंतीचा पाया जमिनीखाली ०.७५ मीटर. परसात ८ मीटर लांबीचा, आर.सी.सी. सांगाड्याचा एकमजली नवा भाग बांधायचा आहे. हे आकडे शिकण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष कामात ते मोजूनच घ्यावे लागतात.

२. आधी जुने घर वाचा

पेन्सिल हातात घेण्याआधी किमान एक पूर्ण दिवस जुन्या घरात काढा. पुढील गोष्टींची नोंद करा.

- भिंतीची जाडी, आणि परसातल्या भिंतीलगत एक छोटा खड्डा घेऊन पायाची खरी खोली.
- प्रत्येक भेग : कुठे आहे, उभी की तिरकी, वर रुंद की खाली रुंद, कडा ताज्या की काळवंडलेल्या.
- तुळयांची भिंतीत गेलेली टोके. वाळवी आणि कुजणे इथून सुरू होते. टाचणी सहज आत जात असेल तर लाकूड गेले समजा.
- ओल भिंतीत किती उंचीपर्यंत चढली आहे.
- पाऊस पडताना चौकातले पाणी कुठल्या मोरीतून, कुठल्या गटारात जाते. घरातल्या वयस्कर बाईंना विचारा. नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

भेगा जिवंत आहेत की मेलेल्या, हे ओळखायला साधी युक्ती आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. हे निरीक्षण एका आठवड्याचे नको, पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू त्यात यावेत.

३. माती आणि पाया

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात गाळाची माती आहे आणि बऱ्याच भागात ती चिकण आहे. पाणी मिळाले की फुगते, सुकली की आक्रसते आणि तडे पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत आहे, त्याला हे नवे नाही. इथे जमिनीतले पाणी वर्षभर वरखाली होत राहते. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. त्यानंतर कालवे वाहू लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. कालवे बंद झाल्यावर उन्हाळ्यात माती पुन्हा सुकते.

आता मुख्य मुद्दा. जुने घर पिढ्यान्‌पिढ्या उभे आहे. त्याच्या वजनाखाली माती जितकी दबायची तितकी दबून झाली आहे. म्हणजे जुने घर बसून झालेले असते, आणि नवे घर बसायला आजपासून सुरुवात करते. दोघांना घट्ट बांधले तर नवे घर खाली जाताना जुन्याला ओढते.

किती ओढ सहन होते? स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड यांनी १९५६ मध्ये अनेक प्रत्यक्ष इमारतींचा अभ्यास करून दाखवले की दोन आधारांच्या खचण्यातील फरक भागिले त्यांच्यातील अंतर हे गुणोत्तर १/३०० च्या पुढे गेले की भिंतींना भेगा दिसू लागतात, आणि १/१५० च्या आसपास सांगाड्याला इजा होते. सुट्या विटांच्या भिंतीला त्याहूनही कमी सोसते.

उदाहरण १ : जुन्या भिंतीपासून नवा पहिला खांब २.५ मीटरवर आहे. स्लॅब भिंतीत घट्ट बसवला आहे. नवा खांब फक्त १० मि.मी. खचला. गुणोत्तर = १० ÷ २५०० = १/२५०. हे १/३०० पेक्षा जास्त आहे. म्हणजे एक सेंटिमीटर खचणेसुद्धा, जे एरवी नव्या घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही, ते इथे भेग पाडायला पुरेसे आहे.

दुसरा धोका खोदताना येतो. नवा पाया जुन्यापेक्षा खोल घेतला आणि अगदी लगत खणले, तर जुन्या पायाखालची माती बाजूला सरकते. असे करताना भिंती कोसळून कामगार दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. आयएस १९०४ : १९८६ मध्ये यासाठी सोपा नियम आहे. वेगवेगळ्या खोलीवरील शेजारच्या दोन पायांच्या खालच्या जवळच्या कडा जोडणारी रेषा दोन आडवे : एक उभे यापेक्षा जास्त चढाची नसावी.

उदाहरण २ : जुना पाया ०.७५ मीटर, नवा १.५ मीटर खोल. फरक ०.७५ मीटर. म्हणून दोन्ही पायांच्या कडांमध्ये किमान २ × ०.७५ = १.५ मीटर अंतर हवे.

आता भार तपासू. नवा पाया १.५ मी. × १.५ मी., त्यावर भार १८० किलोन्यूटन. तळाशी दाब = १८० ÷ २.२५ = ८० किलोन्यूटन प्रति चौ.मी. दोनास एक या ढोबळ पद्धतीने, तळाखाली १.५ मीटरवर हा भार ३ मी. × ३ मी. क्षेत्रावर पसरतो. तिथला दाब = १८० ÷ ९ = २० किलोन्यूटन प्रति चौ.मी., म्हणजे चौथा हिस्सा. या पातळीवर भार प्रत्येक बाजूला ०.७५ मीटरच पसरला आहे. आपण कडांमध्ये १.५ मीटर ठेवल्यामुळे तो जुन्या पायाखाली पोचत नाही. एकच अंतर दोन्ही कामे करते.

माती फारच फुगणारी असेल तर उथळ पायाऐवजी तळाशी फुगवटा असलेले लहान पाइल, म्हणजे अंडररीम्ड पाइल घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले. ते साधारण ३.५ मीटर किंवा अधिक खोल जातात, जिथे ओलीचा ऋतूप्रमाणे होणारा बदल कमी असतो. ते भोक पाडून ओततात, लांब चर खणावा लागत नाही. हा जुन्या भिंतीच्या दृष्टीने आणखी एक फायदा.

४. सांधा : बांधायचा नाही, फक्त झाकायचा

नवा सांगाडा जुन्यापासून दोन-अडीच मीटर दूर गेला, तर मधल्या जागेचे काय? इथेच वास्तुविशारदाचे कसब लागते. या जागेत हलका दुवा करायचा : पोलादी चौकट, हलके छत, बाजूला काच किंवा जाळी. या दुव्याचे सगळे वजन नव्या सांगाड्याने घ्यायचे. जुन्या भिंतीला त्याने फक्त टेकल्यासारखे दिसायचे, टेकायचे नाही. मध्ये २५ मि.मी. फट ठेवून त्यात दबणारा भराव घालायचा आणि वरून धातूच्या दुमडलेल्या पत्र्याने ती झाकायची. पत्र्याची एक बाजू जुन्या भिंतीच्या चुन्याच्या सांध्यात, दुसरी बाजू मोकळी.

फट खचण्यासाठी जशी लागते, तशीच उष्णतेसाठीही. काँक्रीटचा प्रसरणांक साधारण १० × १०⁻⁶ प्रति अंश सेल्सिअस आहे, विटांच्या बांधकामाचा त्याच्या जवळपास निम्मा.

उदाहरण ३ : ८ मीटर स्लॅब, तापमानातील फरक ३० अंश. प्रसरण = ८००० × १० × १०⁻⁶ × ३० = २.४ मि.मी. ही हालचाल दररोज थोडी आणि दरवर्षी पूर्ण होते. चुन्याच्या मऊ सांध्यांच्या भिंतीत स्लॅब घुसवला असेल तर ती भिंत दरवर्षी ढकलली जाते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गावच्या घराला मागे स्लॅबचे न्हाणीघर जोडले, तेव्हा मिस्त्रीने जुन्या भिंतीत खाचा पाडून सळया आत घातल्या. "मजबूत होईल," असे तो म्हणाला आणि आम्हा सगळ्यांना ते पटले. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मीही मान डोलावली. दोन पावसाळ्यांनंतर माजघराच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली आणि आजीची खाट तिथून हलवावी लागली. घट्ट बांधणे म्हणजे मजबूत करणे नव्हे, हे वाक्य तेव्हापासून मी दरवर्षी वर्गात सांगतो.

५. पाणी

जुन्या घरांना ओल प्रतिबंधक थर बहुधा नसतो. जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून उडून जाते. आता नूतनीकरणाच्या उत्साहात त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत टाइल लावली, तर पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ते आणखी वर चढते, क्षार फुलतात, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि तुळयांची टोके कुजतात. म्हणून नियम : जुन्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, विटेपेक्षा मऊ राहतो. भेग पडलीच तर सांध्यात पडते, वीट फुटत नाही.

परसातली जमीन भर घालून उंच करू नका. जुन्या भिंतीला बाहेरून माती टेकली की ओल आत येणारच. नव्या भागाचे जोते उंच हवे असेल तर दुव्यात उतार द्या, पायरी नको. ज्या आईसाठी ही खोली बांधतो आहोत, तिला उद्या चाकांची खुर्ची लागू शकते. एकास बारा उतार धरला तर १५० मि.मी. चढायला १.८ मीटर लागतात. दुव्यात तेवढी जागा आहे.

छपराचे पाणी मोजून पाहा.

उदाहरण ४ : जुन्या कौलारू छपराचा मागचा उतार ४० चौ.मी., नवा स्लॅब ३० चौ.मी. तासाला १०० मि.मी. जोराचा पाऊस धरला तर ७० × ०.१ = ७ घनमीटर, म्हणजे तासाला ७,००० लिटर, सेकंदाला जवळपास दोन लिटर. नवी भिंत जुन्या वळचणीला चिकटवली तर हे सगळे पाणी दोन्हींमधल्या खाचेत येते आणि नारळाची एक झावळी अडकली की माजघरात. म्हणून दुव्याचे छत जुन्या वळचणीच्या खाली ठेवा, जुन्या पागोळ्या रुंद, उघड्या पन्हळीत पडू द्या. या पन्हळीला दोन तोट्या हव्यात, एक तुंबली तरी दुसरी चालावी. हात पोचेल आणि साफ करता येईल अशी पन्हळ हीच चांगली पन्हळ.

एक सूचना : जागा वाढवायची म्हणून चौकावर पारदर्शक पत्रा टाकू नका. चौक हा घराचा श्वास आहे. गरम हवा तिथून वर जाते. तो बंद केला की नव्या खोलीत मिळवलेले सुख जुन्या घरात गमावले.

६. ऊन आणि काच

आधुनिक भाग म्हटले की मोठी काच येते. हे गाव सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे "उत्तरेच्या काचेवर ऊन येत नाही" हा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही.

उदाहरण ५ : २ मीटर उंच काच. जून अखेरीस माध्यान्हीचा सूर्य खमध्यापासून सुमारे १२.५ अंश उत्तरेला. उत्तरेचा सज्जा = २ × टॅन १२.५° ≈ ०.४५ मीटर. डिसेंबर अखेरीस तो सुमारे ३४.५ अंश दक्षिणेला. दक्षिणेचा सज्जा = २ × टॅन ३४.५° ≈ १.४ मीटर. हा सज्जा नाही, ही चांगली ओसरी झाली. ओसरी ही उन्हाच्या गणिताचेही उत्तर आहे, हे यातून दिसते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते, सज्जा त्याला अडवू शकत नाही. तिथे काच टाळा किंवा जाळीदार विटांची भिंत घ्या.

७. रूप : नक्कल की वेगळेपण?

१९६४ च्या व्हेनिस सनदेत ऐतिहासिक वास्तूंबद्दल एक तत्त्व आहे : नव्याने करावी लागणारी भर मूळ रचनेपासून ओळखू यावी, तिच्यावर आपल्या काळाची खूण असावी. सनद स्मारकांसाठी आहे, राहत्या घराला ती बंधनकारक नाही. पण त्यामागचा विचार प्रामाणिकपणाचा आहे. काँक्रीटच्या खांबाला लाकडाचा रंग देऊन जुन्यात मिसळायचे, तर पुढच्या पिढीला खरे कोणते आणि खोटे कोणते ते कळत नाही.

वेगळेपण म्हणजे उद्धटपणा नव्हे. नव्या भागाची उंची जुन्या वळचणीपेक्षा कमी ठेवा. खांबांमधले अंतर ओसरीच्या खांबांच्या तालाशी जुळवा. रस्त्यावरून तिण्णै जशी दिसत होती तशीच दिसू द्या. सामान आणि रेषा आजच्या असू द्या.

जवळचेच उदाहरण हवे असेल तर तंजावरचा राजवाडा पाहा. मूळ वाडा नायक राजांचा. नंतर एकोजी भोसल्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत तिथे राज्य केले आणि वाड्यात आपली भर घातली. मराठा दरबार हॉल शहाजी दुसरे यांनी १६८४ मध्ये बांधला. भर घालताना जुने पुसले नाही, म्हणून आज एकाच आवारात दोन्ही काळ वाचता येतात.

८. परवानगी आणि सुरक्षितता

स्थानिक संस्थेची बांधकाम परवानगी घरमागच्या खोलीलाही लागते. जवळ केंद्र-संरक्षित स्मारक असेल, जसे कुंभकोणमजवळचे दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर, तर २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असते. हे काम ठरवण्याआधी तपासा.

आणि बाहेर पडण्याची वाट. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. या जिल्ह्याच्या इमारतींवर लिहिताना हे विसरता येत नाही. लांबट घराच्या मागे नवा भाग जोडला की रस्त्याकडे जाणारी एकमेव वाट स्वयंपाकघरावरून जाते. म्हणून नव्या खोलीला परसाच्या बाजूने स्वतंत्र दार द्या, ते आतून किल्लीविना उघडले पाहिजे, आणि परसातून गल्लीपर्यंत चालता येईल अशी वाट मोकळी ठेवा. जुन्या घरातल्या विजेच्या तारांवर नव्या भागाचा भार टाकू नका. वेगळी वायरिंग, वेगळा ब्रेकर, नीट अर्थिंग.

९. कामाचा क्रम

नोंदी आणि भेगांवरच्या पट्ट्या → माती तपासणी → जुन्या छपराची आणि तुळयांची दुरुस्ती → पाण्याच्या वाटा → कोरड्या ऋतूत, भिंतीला टेकू देऊन, टप्प्याटप्प्याने पायाचे खोदकाम → नवा सांगाडा → शक्य तितका काळ थांबणे, म्हणजे सुरुवातीचे खचणे होऊन जाईल → सगळ्यात शेवटी दुवा आणि सांध्याचे झाकण. भिंतीत दार पाडायचे असेल तर आधी वरची तुळई बसवा, मग खालच्या विटा काढा. शक्यतो जुन्या खिडकीचेच दार करा, कारण तिच्यावर भार पेलणारी पट्टी आधीच असते.

स्वाध्याय

१. जुना पाया ०.६ मी. आणि नवा १.८ मी. खोल असल्यास कडांमध्ये किमान किती अंतर हवे? एवढे अंतर नसेल तर तुम्ही कोणता पाया सुचवाल?

२. तुमच्या गावाचा अक्षांश घेऊन २ मीटर उंचीच्या दक्षिणेकडील काचेसाठी डिसेंबरमधील सज्जा काढा.

३. तुमच्या ओळखीच्या एका जुन्या घराला नंतर जोडलेला भाग पाहा. दोन्हींच्या सांध्यावर भेग आहे का? ती वर रुंद आहे की खाली? त्यावरून कोणता भाग खचला असावा, ते आकृती काढून सांगा.

तिसरा प्रश्न परीक्षेत येणार नाही. पण तो आधी सोडवा, कारण त्या घरात कोणीतरी राहते आहे.